दोरीवरून उतरलेले सात फोटो

ईरा, अन्वय,

मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर ईरानं विचारलं होतं, "आजी, तू रिटायर झालीस ना? मग दर दोन महिन्यांनी बॅग भरून कुठे जातेस?" पाठोपाठ दुसरी मागणी आली. शाळेच्या प्रकल्पासाठी 'माझी आजी काम करताना' असा फोटो हवा. मी दोन दिवस शोधला. कपाटात माझ्या हातचे हजारो फोटो पाकिटांत घालून, पाकिटावर विषय लिहून, ओळीनं लावलेले आहेत. त्यात माझा एकही नाही. मी नेहमी कॅमेऱ्याच्या मागे.

म्हणून तूर्तास फोटोऐवजी हा लेख. इथल्या मराठी मंडळींचा दिवाळी अंक बरीच वर्षं माझ्याकडे लिखाण मागतो आहे. यंदा मी हो म्हटलं ते तुमच्यासाठी. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, ठाऊक आहे मला. अडलं तर आईला मोठ्यानं वाचायला सांगा. मी इंग्रजीत लिहून देणार नाही. शाळा कॉन्व्हेंटची, नोकरी इंग्रजी दैनिकातली, आयुष्यभर फोटोओळी, म्हणजे फोटोखालचा मजकूर, इंग्रजीत लिहिल्या. पण ही गोष्ट कलावतीबाईंची आहे, आणि इंग्रजीत लिहिली तर ती त्यांना वाचून दाखवता येणार नाही. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांना आधी दाखवायचं, हा माझा नियम आहे. तो कुठून आला, तेही सांगते.

आधी कामाबद्दल. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर दोन प्रकारचे फोटो काढतो. एक म्हणजे घडलं, धावलो, काढला. दुसरा प्रकार सावकाशीचा. एक माणूस किंवा एक काम धरायचं, त्याच्याबरोबर दिवसच्या दिवस राहायचं आणि सहा-सात फोटोंत त्याची गोष्ट सांगायची. यात काही मांडायचं नाही. भांडं इकडचं तिकडे सरकवायचं नाही, "पुन्हा एकदा तसंच करा" म्हणायचं नाही, नंतर संगणकावर काही पुसायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. तुमच्या आजोबांनाही वाटायचं. एकदा त्यांनी माझा कॅमेरा घेऊन शेजारच्या इस्त्रीवाल्याच्या मागे एक सकाळ घालवली. छत्तीस फोटो आले, छत्तीसमध्येही इस्त्रीवाला कॅमेऱ्याकडे बघून हसतो आहे.

निवृत्तीनंतर शहरात, हिमायतनगरच्या घरात बसून वर्ग घेता आले असते. पण खोलीत बसून हे शिकवता येत नाही. म्हणून मी दहा दिवसांच्या कार्यशाळा छोट्या गावांत घेते. एका वेळी आठ जण. त्यांनी गावातल्याच घरांत राहायचं, तिथंच जेवायचं, पाणी भरायचं, दळण आणायचं. पहिले दोन दिवस कॅमेरे माझ्या लोखंडी पेटीत कुलूपबंद. किल्ली माझ्या गळ्यात. तिसऱ्या दिवसापासून प्रत्येकानं एकच माणूस, एकच काम.

विद्यार्थी नाना तऱ्हेचे येतात. रफीकभाई तीस वर्षं लग्नाचे फोटो काढत होते. पहिल्याच दिवशी त्यांनी एका कुंभारीणबाईंची हनुवटी दोन बोटांनी धरून उजेडाकडे वळवली. बाईंनी मातीच्या हातानं त्यांचा हात झटकला. "मॅडम, आदत है, तीस साल की दुल्हनां का आदत," म्हणत ते दिवसभर हात मागे बांधून हिंडले. आता ते माझे कायमचे मदतनीस आहेत. छपाईचं यंत्र आणि गाडी त्यांची, शिस्त माझी.

शेवटच्या दिवशी दोरी. गावातल्याच एखाद्या जागी सुतळीची लांब दोरी बांधायची आणि छापलेले फोटो लाकडी चिमट्यांनी तिला लावायचे. सकाळी नऊला ज्यांचे फोटो आहेत ते लोक येतात, सगळ्यांच्या आधी. ज्याला वाटेल त्यानं स्वतःचा फोटो काढून घरी न्यावा. कारण विचारायचं नाही. आणि दोरीवरून उतरला तो फोटो पुन्हा कुणाला दाखवायचा नाही. किती का सुंदर असेना.

हा नियम शहरातल्या आबिड्स भागातल्या एका बाईंचा आहे. मी नोकरीत नवी होते. तिथल्या एका गल्लीत जुनी भिंत पडली, ढिगाऱ्यातून एका बाईंना बाहेर काढलं आणि मी तो क्षण टिपला. पहिल्या पानावर आला. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. तीन आठवड्यांनी त्या बाई कचेरीत आल्या. हातात चार घड्या घातलेलं कात्रण. त्या रागावल्या नाहीत, तेच वाईट झालं. म्हणाल्या, "बेटी, फोटो अच्छा है, सब बोल रैं. पर मेरे सर पे पल्लू नहीं था. तू तो देखी थी ना? एक बार पूछना था." मी काहीतरी इंग्रजी-उर्दू पुटपुटले. त्या कात्रण पुन्हा घडी करून निघून गेल्या. त्यांचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं. फोटोओळीत 'एक महिला' एवढंच होतं.

आता प्रज्ञा. तिचे आईवडील नांदेडकडून नोकरीसाठी इथे आले. वडील पोस्टात, आई दवाखान्यात. ही दिलसुखनगरच्या एका शिकवणी वर्गात स्वागतकक्षात बसायची. पगारातून साठवून जुना कॅमेरा घेतलेला. वयाच्या सव्विसाव्या वर्षी वर्षाची सगळी रजा एकदम टाकून ती माझ्या कार्यशाळेला आली, कारण एका दैनिकात फोटोग्राफरची एक जागा निघाली होती. तिथला चित्रसंपादक श्रीनिवास. एके काळी माझ्या हाताखाली शिकलेला. त्यानं फोनवर सांगितलं होतं, "सुटे फोटो नकोत मॅडम. एक पूर्ण गोष्ट हवी. मी शेवटच्या दिवशी येतो, दोरीवर जे असेल ते बघतो आणि तिथंच सांगतो." प्रज्ञाला हे माहीत होतं. रजा पुन्हा मिळणार नव्हती.

गाव जहीराबादच्या पलीकडचं. तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी, सगळं एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येतं. उन्हाळा, म्हणजे तिखट-हळदीचा हंगाम. प्रज्ञानं निवडली मिरची दळायची गिरणी. ती चालवणाऱ्या कलावतीबाई पन्नाशी उलटलेल्या. यजमान गेल्यावर पट्टा चढवण्यापासून यंत्र दुरुस्त करण्यापर्यंत सगळं स्वतः करणाऱ्या. कामाला लागताना साडीवर यजमानांचा जुना सदरा चढवायच्या, तोंडाला पंचा गुंडाळायच्या. हवेत लाल धूळ. भुवयासुद्धा लाल. फोटोग्राफरला याहून काय हवं?

पण प्रज्ञानं कॅमेरा काढला की बाई यंत्र बंद करून आत जायच्या. दहा मिनिटांनी बाहेर यायच्या त्या तोंड धुऊन, पावडर लावून, मरून रंगाची नारायणपेठी नेसून. आणि उभ्या राहायच्या, हात शरीराला चिकटवून.

तिसरा, चौथा, पाचवा दिवस. प्रज्ञा रडकुंडीला आली.

"मॅडम, वो बाई सदऱ्यात फोटो काढूच देत नाहीत. रोज साडी बदलून येऱ्या. आणि मी काढला नाही की रुसतात."

"साडीतला एकही काढायचा नाही," मी बजावलं. "ती मांडणी झाली."

"मग मी काय करू?"

"कॅमेरा गळ्यात ठेव आणि काम कर. हळद चाळ, पोती उचल. त्यांना विसर पडेपर्यंत."

कामातली ही सर्वांत जुनी युक्ती. प्रज्ञानं दोन दिवस गिरणीत काम केलं. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधून, नाक गळत, शिंकत. कलावतीबाईंना तिची सवय झाली. "अगं लेकरा, पंचा नीट बांध, मिरची कुणाची पाहुणी न्हाई," असं म्हणून स्वतःच्या हातानं तिच्या तोंडाला पंचा बांधून देऊ लागल्या. आणि सातव्या दिवशी फोटो यायला लागले.

नवव्या दिवशी संध्याकाळी मी सात निवडले. सदऱ्याची बटणं लावणारी बोटं. पंच्यातून दिसणारे दोन डोळे. पट्ट्यावर टेकलेला हात. कौलाच्या फटीतून आलेल्या उन्हाच्या पट्टीत तरंगणारी लाल धूळ. पदरानं नाक झाकून रांगेत उभ्या बायका. लाल बोटांत पांढरी कपबशी. आणि शेवटचा म्हणजे काम संपल्यावर दारात उभ्या राहून कलावतीबाई सदरा झटकताहेत आणि त्यांच्याभोवती तांबडा ढग उठला आहे. इतक्या वर्षांत माझ्या हातून तसा फोटो निघालेला नाही. मी रफीकभाईंना म्हटलं, "मुलगी गेली पुढे." ते म्हणाले, "हौ मॅडम, गाडी छूट गई अपनी."

दहाव्या दिवशी शाळेच्या ओसरीत दोरी बांधली. सुट्टी होती, शाळा मोकळी. नऊला लोक आले. टोपल्या विणणाऱ्या बाई, सायकल दुरुस्त करणारे आजोबा, सगळे आपापल्या फोटोंपुढे उभे राहून हसत-लाजत होते. कलावतीबाई साडेनऊला आल्या. नारायणपेठी नेसून, डोक्यावर पदर. दोरीपुढे पहिल्यापासून सातव्यापर्यंत गेल्या, परत पहिल्याकडे आल्या. चेहऱ्यावर काही दिसेना. मग त्यांनी पहिला चिमटा काढला. फोटो डाव्या हातात घेतला. दुसरा चिमटा. तिसरा. सातही फोटो नीट एकावर एक ठेवले, पदराखाली धरले आणि कुणाकडे न बघता निघून गेल्या.

दोरीवर सात रिकामे चिमटे राहिले.

कारण विचारायचं नाही, हा नियम. मी विचारलं नाही. आबिड्सच्या बाईंचं घडी घातलेलं कात्रण मात्र डोळ्यांपुढे आलं. विसर पाडायची युक्ती मीच शिकवली होती. बाईंनी तीन दिवस साडी नेसून सांगितलं होतं त्यांना कसं दिसायचं आहे ते. आणि मी ऐकलं नव्हतं.

रफीकभाई जवळ येऊन हळूच म्हणाले, "टेन्शन नक्को मॅडम. फाइलां लॅपटॉप में हैंच. साहब आने से पहले फिर छाप देतूं."

ईरा, अन्वय, खरं लिहिते. माझ्या तोंडून 'नाही' निघालं नाही. श्रीनिवासची गाडी तासाभरात येणार होती. एवढी गुणी मुलगी, एवढे फोटो. फक्त एकट्या श्रीनिवासला दाखवले तर कुणाला कळणार आहे, असा विचार माझ्या मनात आला आणि मी प्रज्ञाकडे पाहिलं. तिनं लॅपटॉप उघडलाच होता. तिनं तो बंद केला.

"मॅडम, नियम तुमचाच आहे ना?" एवढंच म्हणाली, आणि लॅपटॉप पिशवीत घातला. "मी त्यांच्यासमोर फाइली पुसून येते. माफी पण मागायची आहे."

आलेल्या लोकांना चहा देऊन ती निघणार एवढ्यात श्रीनिवास आला. बाकीच्यांचे फोटो त्यानं मन लावून पाहिले. रिकाम्या जागेपाशी थांबला.

"मॅडम, ये किसकी जगह है?"

"माझी, सर," प्रज्ञा म्हणाली. "दाखवण्यासारखं आता काही नाही."

मी त्याला झालं ते सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "मॅडम, तुमचा हा नियम मला तेव्हाही परवडत नव्हता."

तेवढ्यात फाटकातून एक बाई तणतणत आत आली. "ओ फोटोवाल्या आक्का, तुमच्यातलं कुणीतरी चला की गिरणीवर! कलावतीबाई दळण घेईना. येईल त्याला धरून भितीपुढं उभं करायलीय. माझ्या पाच किलो मिरच्या तशाच पडल्यात!"

आम्ही सगळेच निघालो. प्रज्ञा पुढे, जवळजवळ पळत. तिच्यामागे मी, रफीकभाई आणि रुमाल नाकाला लावलेला श्रीनिवास.

गिरणीपुढे ही गर्दी. यंत्र बंद. समोरच्या भिंतीला, दारातून शिरल्याबरोबर दिसेल अशा जागी, कणकेच्या खळीनं चिकटवलेले सात फोटो. अगदी आमच्या क्रमानं. बाजूला खुंटीवर तो सदरा. आणि फोटोंपुढे नारायणपेठीतल्या कलावतीबाई, हातात छडीसारखं लाटणं.

"हे माझं बोट. पट्ट्यात गेलं होतं, वाकडं दिसतंय बघा. ह्यो ह्यांचा सदरा, बटन म्या लावलंय. आणि ही तू, रांगेत. तोंड झाकलंय तरी वळखू येतीस, तुझा नंबर मधीच घुसल्याला दिसतोय!"

सगळे हसले. मग त्यांचं लक्ष प्रज्ञाकडे गेलं.

"कामून रडायलीस गं?"

"तुम्ही सगळे फोटो उतरवले. मला वाटलं तुम्हाला राग आला."

"आला की! राग आलाच!" लाटणं माझ्याकडे वळलं. "ह्या तुमच्या बाईंला काही कळतं का? माझं तोंड दोरीवर टांगलं, चिमटा लावून, परकरावाणी! सात सात फोटो, आन् धुणं वाळत घातल्यागत! माझी सोताची गिरणी असताना मी कामून दोरीवर लोंबू?"

रफीकभाईंनी तोंडावर हात धरला. इतकी वर्षं मी दोरी बांधली, सुतळी, चिमटे, अंतर, सगळं मोजून. ती दोरी कुणाला कशी दिसते, हे कधी मनात आलं नव्हतं.

"म्हणजे फोटो आवडले?" प्रज्ञानं विचारलं.

"आवडले म्हंजे? ह्यांच्यामागं इतकी वर्षं मी काय करती, ते गावानं आज बघितलं. पर एक कमी हाय." त्यांनी पदर सारखा केला. "साडीतला न्हाई. तीन दिवस नेसले, तीन दिवस धुतली. काम करणारी ती, आन् ही कोण मग?"

प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं. साडीतला काढायचा नाही, हा हुकूम माझा होता. मी मान हलवली. हो म्हणून.

कलावतीबाई भिंतीपाशी उभ्या राहिल्या, हात शरीराला चिकटवून, अगदी लग्नातल्यासारख्या ताठ. रफीकभाईंची बोटं शिवशिवली असणार, पण त्यांनी हात मागे बांधले. मागे लाल धुळीतल्या सात कलावतीबाई, पुढे मरून रंगाच्या साडीतली आठवी, शेजारी खुंटीवर रिकामा सदरा. कुणीतरी शिंकलं. बाई खळखळून हसल्या, आणि तेव्हा प्रज्ञानं बटण दाबलं. एकच फोटो.

शिंकणारा श्रीनिवास होता. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्या मिरचीच्या होत्या असं तो आजही सांगतो. त्यानं फोटो कॅमेऱ्यातच पाहिला, मग भिंतीवरचे सात पाहिले, मग कलावतीबाईंना विचारलं, "अम्मा, ये पेपर में छापूं?"

"पेपरात छापा, दिल्लीला दाखवा. भितीवर हाय ते समद्यांनी बघावं. दोरी तेवढी नको."

गाडीत बसण्याआधी तो प्रज्ञाला म्हणाला, "एक तारखेला ये. आणि लॅपटॉप बंद केलास ना, ते मॅडमनी सांगितलं मला. ते पहिलं. फोटो त्याच्या नंतर." मी ते सांगितलं होतं, वाटेत. मी काय विचार करत होते, तेही सांगितलं होतं.

रविवारी अर्धं पान छापून आलं. आठ फोटो, सर्वांत मोठा साडीतला. फोटोओळीत नाव, गाव, काम, आणि यजमानांचंही नाव, कारण सदरा त्यांचा. प्रज्ञानं पेपरच्या दहा प्रती नेऊन दिल्या. गिरणीत रफीकभाईंनी पेपरचं पान काचेच्या चौकटीत घालून लावलं, तेव्हा बाईंनी पातळी तपासायला त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली. "वाकडं लावू नका, वाकडं मला चालत न्हाई." त्या क्षणी आम्ही दोघी सख्ख्या बहिणी आहोत असं मला वाटलं.

आता माझ्या कार्यशाळांत दोरी नाही. कुठं लावायचे ते ज्याचे फोटो त्यानं ठरवायचं. सायकलवाल्या आजोबांनी पंपाच्या वर लावले, एका सुईणबाईंनी पेटीत ठेवले. आणि तिसऱ्या दिवशी कॅमेरे पेटीतून बाहेर आले की पहिला फोटो समोरच्याला हवा तसा. टोपी, पावडर, नारायणपेठी, काय हवं ते. वहीत पहिल्या ओळीवर मी लिहून ठेवलं आहे: आधी साडीतला. तो मनासारखा मिळाला की लोक सदरा चढवून निर्धास्त कामाला लागतात. विसर पाडावा लागत नाही. हे मला शिकायला सत्तरावं वर्ष उजाडलं, पण शिकले.

हा लेख मी परवा फोनवर कलावतीबाईंना वाचून दाखवला. एकच दुरुस्ती आली. लाटणं नव्हतं, पट्टा चढवायची लोखंडी सळी होती. मला लाटणंच दिसलं होतं. पण त्यांनी सांगितलं म्हणून इथे नोंदवते.

आणि ईरा, तुझा फोटो. आज सकाळी प्रज्ञा हिमायतनगरला आली, कार्यालयाचं ओळखपत्र गळ्यात, खांद्याला नवा कॅमेरा. मी टेबलाशी बसून पाकिटांवर विषय लिहीत होते, अंगावर घरातलं जुनं सुती पातळ, केस विसकटलेले, चष्मा कपाळावर. "मॅडम, ऐसेच बैठो," ती म्हणाली. "उजेड मस्त आहे. हलू नका."

मी पेनला टोपण लावलं आणि उठले.

"कुठं चाललात?"

"थांब जरा," मी म्हटलं. "साडी बदलून येते."